ब्याऐंशी हजार आठशे एकसष्ट

वालीव,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय एमिली आत्या,

जय येशू. पत्र हातात पडल्यावर तू आधी माझं शुद्धलेखन तपासशील, म्हणून सांगतो, त्याकडे कानाडोळा कर. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही आणि मोबाइल हातात धरायचा नाही हे तूच ठरवलंयस. पण ज्युली दर सोमवारी आणि गुरुवारी वटारची भाजी घेऊन आमच्या नाक्यावर बसते, हे परवा दिसलं. म्हटलं, आपला पोस्टमन मिळाला.

एक काम आहे. गणिताचं. हसू नकोस. आमच्या वर्कशॉपमध्ये बारा नंबरची एक जुनी प्रेस आहे, पत्रा कापायची. तिला काउंटर लावलाय, दर ठोक्याला एक आकडा पुढे जातो. मशीन अडलं की फोरमन काउंटरचा आकडा खडूनं तिच्याच अंगावर लिहून ठेवतो, ही इथली पद्धत. जुलैच्या शेवटी अडली तेव्हा ३,१२,४०६ होता. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा अडली तेव्हा ३,९५,२६७. मधलं अंतर ८२,८६१.

ते दोन आकडे मला रोज समोर दिसतात आणि का कोण जाणे, बरं वाटत नाही. हा ८२,८६१ कसला आकडा आहे? तुमच्या गणितात त्याला काही जातपात असते का?

पपांना पत्राचं सांगू नकोस. त्यांच्या दृष्टीनं मी मे महिन्यात वाडी सोडली तेव्हाच मेलो.

तुझा,
ऑस्टिन


वटार,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय ऑस्टिन,

अवयव पाडायला सांगितले की ज्या मुलाच्या पोटात दुखायचं, तो आपणहून संख्या पाठवतो म्हणजे वालीवची हवा तुला मानवलेली दिसते. शुद्धलेखन तपासलं. सांगत नाही.

तुझ्या ८२,८६१ ने माझी एक अख्खी सकाळ खाल्ली आणि मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी मला नीट प्रश्नच विचारत नाही. संख्या विषम, हे तुलाही दिसतं. तिला तिनाने भाग जात नाही, पाचाने नाही, साताने नाही. सदतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या तेव्हा मला वाटलं, ही स्वतःच मूळ संख्या असणार. आणि एकेचाळीसने भाग गेला! पुढे त्रेचाळीसने, मग उरले सत्तेचाळीस. ४१ × ४३ × ४७. तीन मूळ संख्या, त्याही लागोपाठच्या, एकही दोनदा नाही. अशी बांधेसूद संख्या रोज भेटत नाही.

जातपात विचारलीस तर संयुक्त. शिवाय न्यून, म्हणजे तिला स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज केली तर ती तिच्याएवढी भरत नाही. इथे तर जेमतेम ५,८४३ भरते. आणखी एक खेळ असतो. अंकांचे वर्ग करून मिळवायचे, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. शेवटी एक आला तर ती आनंदी संख्या. तुझी १६९, ११८, ६६ करत करत त्याच त्या आठ संख्यांच्या फेऱ्यात अडकते आणि कधीच बाहेर येत नाही. आनंदी नाही बिचारी.

पण एक सांगते. असं अंतर योगायोगानं पडत नाही. तीन गोष्टी एकत्र फिरत असतील, एक ४१ टप्प्यांची, एक ४३ ची, एक ४७ ची, तर त्या तिघी बरोब्बर ८२,८६१ नंतर पुन्हा एका जागी येतात, त्याआधी नाही. तुझ्या मशीनमध्ये अशा तिघी राहतात का, बघ.

आणि ‘अडली’ म्हणजे काय झालं, ते तू लिहिलेलं नाहीस.

तुझी,
एमिली आत्या

ता.क. सुकेळ्यांसाठी सोललेली केळी अजून वाळायची आहेत. ऊन धड पडत नाही. तोवर पिशवीतली भेंडी खा.


वालीव,
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

जेवणाच्या सुट्टीत बाजूचं झाकण उघडलं. आत तीन दातेरी चाकं आहेत. खडूनं खूण करून दात मोजले. एक्केचाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले, तेवढेच. तू वटारला बसून आमच्या मशीनच्या पोटात बघितलंस.

दर ठोक्याला एक दांडा तिन्ही चाकांना एकेक दात पुढे ढकलतो. प्रत्येक चाकाचा एकेक दात झिजून गुळगुळीत झालाय. एका चाकाचा झिजका दात दांड्याखाली आला तर बाकीची दोन चाकं दांड्याला धरून ठेवतात. तिन्ही झिजके एकदम आले की दांडा घसरतो.

आता ‘अडली’ म्हणजे काय ते लिहितो. तुझ्याशी खोटं बोललो. मशीन अडलं नाही. ह्या प्रेसवर हात आत घालून पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पेडल मारायचं, की वरचा डाय, म्हणजे पत्रा कापणारा जड ठोकळा, खाली येतो. दांडा घसरला की पेडल न मारता डाय पुन्हा खाली येतो. जुलैत आला तेव्हा हात बाहेर होता. ऑगस्टमध्ये तिथे रंभाबाय होती, अर्नाळ्याची, आमच्यातली सगळ्यात जुनी कामगार. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. फोरमन म्हणाला, बाईचाच पाय चुकून पेडलवर पडला असणार. ती एवढंच म्हणत होती, “मी पाय नाय लावला रं, माज्या पोरांची शपथ.” कुणी ऐकलं नाही.

पुन्हा कधी येईल?

ऑस्टिन


वटार,
गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

प्रिय ऑस्टिन,

मी ज्या संख्येशी सकाळभर खेळत बसले, तिनं एका बाईची दोन बोटं घेतली होती आणि तू मला ते लिहिलं नाहीस. मी फार चिडले आहे. तुझ्यावर आणि स्वतःवरही.

पुढचा आकडा ४,७८,१२८. ह्यात माझं कौतुक काही नाही, ही नुसती बेरीज आहे. त्याच्या पन्नास ठोके आधीपासून पन्नास नंतरपर्यंत कुणाचाही हात आत जाता कामा नये. हे पत्र फोरमनला दाखव, तुमच्या शेठला दाखव. रंभाबाईला सांग की तिचा पाय चुकला नव्हता, हे एका मास्तरणीनं गणितानं सिद्ध केलंय.

ज्या कारागिरानं ती चाकं बसवली तो हुशार असला पाहिजे. झिजके दात एकमेकांना लवकर भेटू नयेत म्हणूनच त्यानं असे दात निवडले. पण संकट फार क्वचित आलं की माणसं ते आलंच नव्हतं असं धरून चालतात. चाकं बदलून घ्या. एवढ्यानं सगळं मिटतं.

रंभाबाईच्या जागी आता कोण बसतं? तू नाहीस ना?

एमिली आत्या


वालीव,
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

शनिवारी तू इथे हवी होतीस!

फोरमननं तुझं पत्र वाचून खांदे उडवले, पण शेठला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला बघू या. ४,७८,०७८ पासून कुणी हात आत घातला नाही. नुसतं पेडल मारायचं, पत्रा नाही, काही नाही. सगळं वर्कशॉप भोवती जमलं. रंभाबायला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काउंटर ४,७८,१२८ वर आला, मी पाय उचलून स्टुलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. आणि प्रेस आपोआप खाली आली. रिकामी. असा आवाज मी ह्याआधी कधी ऐकला नव्हता. रंभाबाय पदर तोंडाला लावून रडली.

शेठ तर तुझ्यावर खूश आहे. “क्या मॅडम है, यार,” असं चारदा म्हणाला. पण चाकं बदलायचं मी काढलं तर म्हणाला, आता कशाला? आता तर कळलंय कधी येणार ते. पुढचे ८२,८६१ ठोके बिनघोर. दिवाळीची ऑर्डर तोंडावर आहे, नवी चाकं करायची तर मशीन आठवडाभर बंद ठेवावं लागेल. ५,६०,९८९ ला पुन्हा शंभर ठोके रिकामे मारू, त्यात काय.

खरं सांगू, मलाही पटलं. तू सांगितलेला आकडा चुकत नाही.

दसऱ्यापासून दोन पाळ्या सुरू होणार. पाळीला साडेतीन हजार ठोके.

ऑस्टिन


वटार,
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऑस्टिन,

तू शनिवारी पाय उचलून स्टुलावर ठेवलास, असं लिहिलंयस. म्हणजे त्या मशीनवर तू बसतोस. मी सरळ विचारलं होतं आणि तू उत्तर टाळलंस. लहानपणी आंबे पाडून आल्यावरही तू असाच दुसरंच काहीतरी भराभर सांगत सुटायचास.

संख्या चुकत नाही हे खरं. पण ८२,८६१ ला तुझी बोटं ठाऊक नाहीत. ती फक्त इतकंच सांगते की तीन चाकं आपापल्या जागी राहिली तर पुन्हा कधी भेटतील. तिच्यावर एवढा जीव टाकू नये. तुझ्या शेठला मी हे लिहून धाडलं तर त्याला आवडणार नाही, पण तू म्हणालास तर धाडते.

तुझा बाप प्लासिड काल विहिरीपाशी उभा राहून मला काहीतरी विचारत होता. ओठांवरून तुझं नाव कळलं. मी सांगितलं, बरा आहे. आता घरी ये, ऑस्टिन. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आहे, संध्याकाळी प्रार्थनेला तुझी जागा रिकामी दिसते आणि तुझा बाप तिकडे बघत नाही असं दाखवतो.

एमिली आत्या


वालीव,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

हो, मीच बसतो. रंभाबाय गेल्यापासून. ह्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, दुपारी चार ते रात्री बारा. सकाळी दुसरा एक जण असतो. आता लपवून काय करू? पण तू काळजी करू नकोस, ते मशीन आता वर्कशॉपमधलं सगळ्यात सुरक्षित मशीन झालंय. ५,६०,९८९ पंधरा तारखेच्या आसपास येईल, तोवर निवांत.

दसऱ्याला इथे काय मजा आली म्हणून सांगू! सगळी मशीनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. ज्युलीनंच फुलं पुरवली. बारा नंबरचा मान ह्या वर्षी पहिला. शेठनं कुंकवानं तिच्यावर स्वस्तिक काढलं आणि पेंटरला बोलावून खाली लाल रंगात मोठ्या अक्षरांत ८२,८६१ लिहून घेतलं. नारळ त्या आकड्यासमोर फोडला. तुझ्या आकड्याला आता हळदकुंकू वाहतात. मी क्रूसाची खूण करून बाजूला उभा राहिलो, मलाही बरं वाटलं.

आणि पोरांनी तर कमालच केली. झाकण उघडून तिन्ही चाकं बाहेर काढली, रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवली, ब्रशनं घासली आणि परत बसवली. आरशासारखी चमकतात. एवढी स्वच्छ ती कधीच नसतील.

सुकेळी झाली का?

ऑस्टिन


वटार,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ

ऑस्टिन,

ज्युलीनं आत्ताच पत्र दिलं. गुरुवारपर्यंत थांबता येत नाही, म्हणून हे आपल्या शेजारच्या क्लिफर्डबरोबर पाठवते आहे. तो उद्या सकाळी टेम्पो घेऊन वालीववरून मनोरला जातो आणि तीन दिवसांनी परततो.

चाकं काढली. धुतली. आणि परत बसवली. कुठला दात कुठे होता, हे कुणी बघितलं का? नाही बघितलं. हाती आलं तसं बसवलं. मग आता ८२,८६१ कुठून मोजणार? अंतर तेच राहिलं, पण सुरुवात पुसली गेली. तो लाल आकडा आता तुम्हाला काहीही सांगत नाही. पुढची वेळ पंधरा तारखेला नाही. ती उद्या असेल, महिन्यानं असेल, हे पत्र वाचताना असेल.

ऊठ तिथून. हे माझं पहिलं आणि खरं सांगणं आहे.

तू हट्टी आहेस, म्हणून दुसरंही सांगते. उठणार नसशील तर पाळी सुरू व्हायच्या आधी झाकण उघड आणि बघ, प्रत्येक चाकाचा झिजका दात दांड्यापर्यंत यायला किती ठोके लागतील. तीन लहान आकडे मिळतील. ते मला कळव. ह्या तीन मूळ संख्यांचा हाच एक गुण आहे की त्या तीन आकड्यांवरून खरा आकडा एकच निघतो. तो मी काढून देते.

प्लासिडला तुझा फोन लावायला लावला. मी कागदावर लिहून दिलं आणि त्यानं लगेच लावला, ऑस्टिन. तूच उचलला नाहीस. त्याला फोन करून तीन आकडे सांग. अर्ध्या तासात उत्तर मिळेल.

एमिली आत्या


वालीव,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

क्लिफर्डनं पत्र खोलीवर आणून दिलं. वाचून तसाच वर्कशॉपवर गेलो. फोरमनला सांगितलं तर म्हणाला, “धुतल्यानं मशीन बिघडतं का कधी? तुझ्या आत्याचा आकडा हाय ना लिवलेला? मग?” शेठनं फोन घेतला नाही.

चारला पाळी सुरू व्हायच्या आधी मोजलं. ४१ च्या चाकाला ५ ठोके. ४३ च्या चाकाला ८. ४७ च्या चाकाला ५.

पपांचे सहा मिस्ड कॉल आहेत. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवला. पाच महिन्यांनी बोलायचं आणि काय बोलायचं? पाच, आठ, पाच? जीभ रेटत नाही, आत्या. ज्युली गुरुवारी सकाळी येईलच, तिच्यासाठी हे पत्र वॉचमनकडे ठेवतो. ऐंशी हजार ठोक्यांत दोन दिवसांतलेच कशाला निघतील? आणि मी उठलो तर दुसऱ्या कुणाला बसवतील, हेही आहेच.

तू आकडा काढ. तू सांगितलास की मी त्यावर हात बाहेर ठेवतो. तोवर जपून करतो.

ऑस्टिन


वटार,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ऑस्टिन,

हे पत्र मी ज्युलीकडे देत नाही. प्लासिड रिक्षा आणायला गेला आहे. तो येईपर्यंत लिहिते, कारण नुसतं बसवत नाही.

अर्धा तास लागला नाही. एकेचाळीस आणि सत्तेचाळीस दोघींचे पाच पाच आले, म्हणून फार सोपं होतं. त्या दोघी दर १,९२७ ठोक्यांनी भेटतात. तेव्हा आकडा ५ असेल, नाहीतर १,९३२, ३,८५९, ५,७८६, ७,७१३ किंवा ९,६४०, आणि असाच पुढे. ह्यांना त्रेचाळीसने भागायचं आणि बाकी आठ राहते का ते बघायचं. पाच राहिली, चाळीस, बत्तीस, चोवीस, सोळा. मी देवाला म्हटलं, आता पुढे जाऊ नये. पुढच्याला आठ राहिली.

९,६४०. मंगळवारी चार वाजल्यापासून. मंगळवारची तुझी पाळी साडेतीन हजार, बुधवारची सकाळची साडेतीन हजार. उरले २,६४०. ते काल तुझ्या पाळीत पडले.

मी ज्युलीला विचारलं, पत्र कुणी दिलं. वॉचमननं, म्हणाली. ऑस्टिन भेटला का? तिनं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं नाही. प्लासिड तिच्याशी बोलला आणि चप्पल न घालता रस्त्यावर गेला.

मी तुला ऊठ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं होतं. दुसरा मार्ग मी तुला द्यायलाच नको होता. तू माझ्या आकड्याची वाट बघत बसलास.

रिक्षा आली.


वालीव,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

प्रिय एमिली आत्या,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी सांगतोय आणि रंभाबाय लिहितेय. तिची तीन बोटं पेन धरायला पुरतात.

तू दोन दिवस हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसलीस. मी सारखं बोलत होतो आणि तुला एकही शब्द ऐकू येत नव्हता. लिहून दाखवावं तर हात नव्हता. अंगठा राहिलाय. बाकी चार गेली. तू माझ्या ओठांकडे बघून नुसती मान हलवायचीस, तेव्हा मी काय म्हणत होतो ते आता ऐक. तू मला आधी उठ म्हणाली होतीस. मी ते दोनदा वाचलं होतं.

पत्रातला ९,६४० पपांनी मला वाचून दाखवला. काउंटरवर मंगळवारपासून तेवढेच ठोके भरले असतील, मी मोजलेलं बरोबर असेल तर. असणारच.

पपा उद्या मला वाडीवर नेणार आहेत. ते पाण्याचा ग्लास माझ्या तोंडाला लावतात. तू सुकेळी ठेव.

माझ्या जागी शुक्रवारपासून नवा माणूस बसलाय. शेठ म्हणतो, आता तर सुरुवातही पक्की कळली, बुधवारपासून मोजायचं. मी सांगून बघितलं, आत्या. त्यांनी मला मोसंबी आणली.

ऑस्टिन

बाय, आता हे मी माझ्या मनाचं लिवते. मी रंभा. शनवारी मी हिशेबाला कारखान्यात गेलती. तो लाल आकडा मी फडक्यानं पुसत होती, पन रंग पक्का हाय, निघंना. फोरमननं माझा हात धरून भायेर काढलं. ह्या शनवारी दिवालीची साफसफाई हाय. चाकं काढून रॉकेलात टाकनार, दसऱ्याला टाकली तशी. मी सगल्यांना वरडून सांगितलं, नका काढू. ते म्हनले, घाबरतेस काय, आकडा आमाला पाठ हाय.